डाव्या चाकावरची रेघ

१

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं शेवटचं काम गॅरेजमध्ये परत आलं, पुढचा बंपर चेपवून.

मी तेव्हा मागच्या खोलीत त्यांचं कपाट रिकामं करत होते. एक स्वेटर, दोन चष्मे, मूठभर फ्यूज, आणि आईने शिवून दिलेला, घडीही न मोडलेला एप्रन. बाहेर गाडी थांबली आणि पाठोपाठ मास्तरीणबाईंचा आवाज आला. या बाई गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे साधं बोलल्या तरी मागच्या बाकावर ऐकू जाईल असं बोलतात.

"मालक आहेत का?" त्यांनी विचारलं, आणि थांबल्या. मालक म्हणजे बाबा. सवयीने तोंडातून गेलं होतं. त्यांनी किल्ली आवाज न करता काउंटरवर ठेवली.

काउंटरमागे काका होते. बाबांचे धाकटे भाऊ आणि गॅरेजमधले भागीदार.

"पेडल पायाखाली फडफडतंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आधी थोडं थोडं होतं. मला वाटलं, शिकणाऱ्यांचेच पाय कापताहेत. ते कापतातच. पण आज मी स्वतः दाबून पाहिलं."

"आणि बंपर?" काकांनी विचारलं.

"नवीन विद्यार्थिनी आहे. पेडल थरथरलं तशी तिला वाटलं, गाडीखाली काहीतरी आलं. तिने पाय उचलला, आणि आम्ही पेट्रोल पंपाच्या खांबाला भेटून आलो. खांब बरा आहे." मग मला दारात पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या वडिलांना नावं ठेवायला नाही गं आले मी. पण डिस्क त्यांनीच तासल्या होत्या, म्हणून इथेच आणली."

काका चष्मा पुसत होते. "दादाचा हात शेवटी शेवटी थरथरत होता. आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तुम्ही काळजी करू नका, मी नव्या डिस्क घालून देतो. आणि ते मशीनही आता काढून टाकतोय. उद्या एक जण बघायला येणार आहे."

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा घरी आले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "आज काम अगदी मनासारखं झालं." ते काम म्हणजे हीच गाडी. रात्री ते झोपेतच गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई हे वाक्य सांगते. आता त्या वाक्याशिवाय तिला धरायला दुसरं काही उरलेलं नाही.

ते खरं होतं की नाही, एवढंच मला हवं होतं.

"काका," मी म्हटलं, "उद्यापर्यंत त्या डिस्कला कुणी हात लावू नका."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

२

चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. तबकडी खडबडीत झाली किंवा डगमगत फिरू लागली, की ते डगमगणं पॅडमधून पेडलवर आणि पेडलवरून तळपायात येतं. मग तिचा वरचा पापुद्रा तासून काढायचा.

हे दोन रीतींनी करता येतं, आणि आमच्या घरात दोन्ही रीतींचा एकेक माणूस होता. काका डिस्क गाडीवरून काढून टेबलावरच्या लेथवर तासत. बाबांनी पुढे एक वेगळं मशीन आणलं. एका पायावर उभं, लांब मानेचं. ते चाकाच्या जागी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल लोखंडावर आवळायचं. डिस्क गाडीवरच फिरते आणि दोन बारीक पाती दोन्ही बाजूंनी एकदमच तिला तासतात. गॅरेजमध्ये सगळे त्या मशीनला बगळा म्हणत.

"हातात घेतल्याशिवाय डिस्क कळत नाही," काका म्हणायचे.

"कपडा माणसाच्या अंगावर बेतावा, खुंटीवर नाही," बाबा म्हणायचे.

ही वाक्यं त्यांनी एकमेकांना इतक्या वेळा ऐकवली होती, की नंतर नंतर ती राम राम केल्यासारखी वाटायची. हळूहळू गिऱ्हाइकं बगळ्याकडे गेली. लेथवर कापड पडलं आणि काकांच्या वाट्याला काउंटर आलं. यावर कुणी कधी काही बोललं नाही.

बाबांची आणखी एक पद्धत होती. तासण्याआधी ते हबच्या मधल्या उंचवट्यापासून डिस्कवर एक लाल रेघ ओढत, नेलपॉलिशची. ती उष्णतेला टिकते, म्हणायचे. आईने आयुष्यात नखं रंगवली नाहीत, पण बाटली मात्र नेमाने तीच आणायची. दुकानातली मुलगी पैसे घेताना आईच्या नखांकडे बघायची. रेघेचा अर्थ एवढाच, की ही डिस्क या हबवर अशी बसलेली असताना तासली आहे. काढू नका. काढलीच, तर रेघेला रेघ जुळवून बसवा.

म्हणून मी ठोक्यामामांना आधी डावं पुढचं चाक काढायला सांगितलं. मास्तरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे थरथर तिथूनच येत होती. ठोक्यामामा म्हणजे बाबांचे जुने मिस्त्री. गॅरेजमध्ये अशी एकही वस्तू नसेल जिच्यावर त्यांच्या हातोड्याची खूण नाही. कपाटाचा ड्रॉवरसुद्धा ते हातोड्याने उघडतात.

चाक निघालं. मी बसून पाहिलं. माझी आशा अशी होती, की रेघ तुटलेली असेल. हबवरचा तुकडा एकीकडे, डिस्कवरचा दुसरीकडे. म्हणजे मध्ये कुणीतरी डिस्क काढून चुकीची बसवली आणि बाबा सुटले.

रेघ जुळलेली होती. हबवरून निघून डिस्कवर नीट उतरलेली.

"बघितलंस?" काका मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "दादाने बसवली तशीच आहे."

३

"हात थरथरायचा, ते खरं," ठोक्यामामा म्हणाले. आम्ही दोघं उलट्या ठेवलेल्या टायरवर चहा घेऊन बसलो होतो. "कपातला चहा बशीत, बशीतला पँटवर. मी म्हणायचो, मालक, निदान पँटला तरी साखर कमी घाला."

"मग हातामुळे काम बिघडलं असेल?"

"बगळा काय हातात धरून चालवायचा असतो? हबला आवळला की तो आपल्या जागी उभा. पुढे डगमग मोजणाऱ्या डायलचा काटा स्थिर होईस्तोवर स्क्रू फिरवत बसायचं. काटा स्थिर झाल्याशिवाय तुझा बाप बटणाला हात लावायचा नाही. थरथरत्या हाताला वेळ लागतो, पोरी. काम बिघडत नाही."

"त्या दिवशी काटा स्थिर झाला होता?"

"दिवा मीच धरला होता. झोपलेल्या मुलासारखा पडून होता काटा."

मला विचारणं भाग होतं. "मामा, नंतर तुम्ही ती डिस्क काढली होती का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मी काढली असती तर तुला विचारावं लागलं असतं? इतक्या वर्षांची हबला चिकटलेली डिस्क. मी ती कशी काढतो, ठाऊक आहे ना?" त्यांनी शेजारच्या हातोड्याकडे हनुवटीने खूण केली. "आणि काढणार कधी? शटर आठवडाभर बंद होतं. तो सगळा आठवडा मी तुमच्या स्वयंपाकघरात चहा गाळत उभा होतो. तुझ्या आईने मला साखर कुठे आहे ते अजून नीट सांगितलेलं नाही."

ते खरं होतं. त्या आठवड्यात घरातले कप त्यांनीच धुतले होते.

"मग गाडी बाईंना कुणी नेऊन दिली?"

"तुझ्या काकांनी. शटर उघडलं त्याच दिवशी." ते उठले, पँट झटकली. "तू मला काय विचारतेस? त्या हवाबाजाला विचार. गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पंक्चर काढायला त्याने हेच चाक उतरवलं होतं. नट जिवाच्या आकांताने आवळतो तो. नट वेडेवाकडे आवळले की चांगली डिस्कसुद्धा नाचायला लागते."

४

हवाबाजाचं टायरचं दुकान कोपऱ्यावर आहे. टायरमध्ये आणि बोलण्यात तो सारखीच हवा भरतो, म्हणून हे नाव. मी काय विचारायला आले आहे ते त्याला आधीच पोचलं होतं.

"ताई, तुमच्या वडिलांच्या हातची गाडी मी बंदुकीने आवळत नाही," तो म्हणाला. हवेवर चालणाऱ्या पान्याला ते बंदूक म्हणतात. "एकदा आवळली होती. त्यांनी रागावायला हवं होतं, तर रागावले नाहीत. चारही चाकं मला हाताने सोडायला लावली आणि हाताने आवळायला लावली. शेजारी खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडून चहा घेतला. त्यानंतर आपण हातानेच."

मघाशी ठोक्यामामांनी चाक काढताना नट एकसारखे, सहज सुटले होते. ते मी पाहिलं होतं. म्हणजे हवाबाजाचा दोष नव्हता.

"पण एक सांगू का?" तो रेंगाळला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

"बोला."

"त्यांचं काम म्हणजे मखमल. तासून झालं की ते घासकागद उलटसुलट फिरवायचे ना, डिस्कवर एकसुद्धा सरळ रेघ राहायची नाही. या खेपेला तसं नव्हतं. चाक काढलं तर आत ग्रामोफोनची तबकडी. एकात एक बारीक चऱ्या. म्हटलं, दमले असतील, कागद फिरवायचा राहिला असेल."

"उजवी डिस्क कशी होती?"

"ती कुठे बघितली? पंक्चर एकाच चाकाला होतं. लोक दोन्ही चाकांना पंक्चर करून आणत नाहीत, आमचं दुर्दैव."

परत येताना मी सावकाश चालले. बाबा दमलेले असताना मी त्यांना पाहिलं होतं. दमले की ते कमी बोलायचे, उशिरा जेवायचे, पेपर उलटा धरायचे. घासकागद फिरवायचा राहील असं कधी वाटलं नव्हतं. पण ते शेवटच्या दिवशी कसे होते, हे मला कुठे माहीत होतं?

आणि जर तो राहिला असेल, तर मनासारखं काय झालं होतं?

५

मी एका ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात काम करते. जुनी पुस्तकं उसवते, शिवते, फाटकी पानं जोडते. पिशवीत माझं भिंग नेहमी असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि ठोक्यामामांना म्हटलं, "आता उजवं चाक काढा."

"थरथर डावीकडे आहे."

"म्हणूनच."

पॅड जिथे घासतात तिथे दोन्ही डिस्क सारख्याच गुळगुळीत झाल्या होत्या. दोन महिन्यांत शिकाऊ पायांनी ब्रेक दाबून दाबून सगळ्या खुणा पुसल्या होत्या. पण आतल्या कडेला एक अरुंद पट्टी अशी असते, जिथवर पॅड पोचत नाही. मी भिंग तिथे धरलं.

उजव्या डिस्कच्या पट्टीवर मखमल होती. बारीक रेघा एकमेकींना तिरक्या छेदत गेलेल्या, कापडाच्या विणीसारख्या. डाव्या डिस्कवर हवाबाजाची तबकडी, एकात एक चऱ्या. एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच गाडीची दोन चाकं केली, आणि दोन्हींवर दोन वेगळे हात?

मग मी उजव्या चाकाची लाल रेघ पाहिली. हबचा उंचवटा आणि डिस्क यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. नेलपॉलिश त्या फटीवरून सलग गेलं होतं. वाळून त्याचा चकचकीत पूल झाला होता.

डावीकडे आले. भिंगातून रेघ मोठी झाली. हबवरचा तुकडा आणि डिस्कवरचा तुकडा अगदी समोरासमोर होते, केसाचाही फरक नव्हता. पण फटीवरचा पूल तुटलेला होता. दोन्ही काठांवर लाल रंगाच्या कपच्या उडाल्या होत्या.

फाटलेलं पान कितीही कुशल माणसाने जोडलं तरी हेच दिसतं. अक्षराला अक्षर जुळतं, ओळीला ओळ जुळते. कागदाचे तंतू मात्र एकदा तुटले की तुटले.

रेघ जुळलेली होती. सलग नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "ही डिस्क कुणीतरी काढली. पुन्हा तासली. आणि बाबांच्या रेघेवर काळजीपूर्वक आणून बसवली."

ठोक्यामामा भिंगात बराच वेळ डोळा घालून बसले. "वैरी असता तर त्याने रेघ कशाला जुळवली असती?" ते म्हणाले.

मीही तोच विचार करत होते.

६

हवाबाजाकडे लेथ नव्हतं. ठोक्यामामांच्या हातोड्याची एकही खूण डाव्या डिस्कवर नव्हती. त्याऐवजी तिच्या तोंडावरच्या दोन लहान भोकांचे आटे आतून स्वच्छ होते. उजव्या डिस्कच्या तसल्याच भोकांमध्ये गंज भरलेला. मामांनीच सांगितलं, की त्या भोकांत दोन बोल्ट घालून थोडे थोडे फिरवले, तर डिस्क ठोकल्याशिवाय हबवरून सुटते. "ज्याला घाई नाही त्याची ती रीत," ते म्हणाले, आणि त्यांची नजर काउंटरकडे गेली. कोणाची, ते त्यांनाही सुचलं असावं.

लेथ मागच्या कोपऱ्यात आहे. मी त्याच्याजवळ गेले. कापडावर धूळ होती, पण मध्यभागी. कडांवर बोटं लागलेली होती. मी कापड उचललं. खालच्या थाळीत लोखंडाचा कीस पडला होता. आमच्याकडची हवा दमट आहे, जुना कीस लालसर होऊन गोळा होतो. थाळीच्या तळाशी तसा थर होताही. त्याच्यावर मात्र करड्या किसाची एक पातळ रास होती, अजून मोकळी, फार न गंजलेली.

"ते कापड खाली ठेव," मागून काका म्हणाले.

मी ठेवलं नाही.

"तो मशीन बघायला येणारा माणूस आला आहे," ते म्हणाले.

"त्यांना बसवा. चहा द्या. काका, डाव्या डिस्कला तुम्ही लेथवर लावलंत, तेव्हा काय दिसलं?"

काका लेथशेजारच्या स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर बसून त्यांनी मला लहानपणी किसाची स्प्रिंग करून दिली होती. त्यांनी थाळीतला कीस चिमटीत घेतला आणि सोडला. मग म्हणाले, "वाकडी होती."

७

"दादा गेला आणि मला बसवेना," काका म्हणाले. "सारखा तो कप दिसायचा, बशीवर वाजणारा. गाडी शिकणाऱ्यांची. ब्रेक दादाने केलेले. म्हटलं, कुणाला काही व्हायच्या आत एकदा बघून यावं. त्याच आठवड्यात एका दुपारी येऊन शटर अर्धं उघडलं. डिस्क बोल्ट घालून काढली, लेथवर लावली, डायल लावला. काटा इकडून तिकडे, इकडून तिकडे. दादाचं काम असं कधी नव्हतं रे, देवा. असं कधीच नव्हतं."

"मग?"

"मग सरळ केली. अगदी हलका हात. त्याच्या रेघेवर नेऊन बसवली. कुणाला कळायला नको होतं. तुला नाही, वहिनींना तर नाहीच."

"आणि उजवी?"

"उजवी उघडायचं धाडस झालं नाही. तीही वाकडी निघाली असती तर मी घरी तोंड कसं दाखवलं असतं? गाडी तशीच नेऊन दिली." त्यांनी हात मांड्यांवर पुसले. "काल बाई आल्या, तेव्हा वाटलं, दादाने इतकी बिघडवली होती की माझ्यानेही सावरली नाही. हाताचं बोललो, कारण तेवढं लोकांना माहीतच होतं. किती वाकडी होती, ते झाकायचं होतं. नवी डिस्क घातली असती, मशीन गेलं असतं, विषय संपला असता."

ठोक्यामामा दारात उभे होते. 

मला राग यायला हवा होता. दोन महिने हा माणूस एकटा, माझ्या वडिलांची लाज झाकतोय असं समजून, आमच्या घरी येऊन आईसमोर बसत होता. आई त्याला तेच वाक्य सांगत होती.

"काका, डायल घेऊन चला," मी म्हटलं.

डाव्या चाकाच्या जागी मामांनी नट आवळून डिस्क हबवर घट्ट केली. काकांनी डायल उभा केला. त्याची सोंड डिस्कवर टेकवायच्या आधी मी विचारलं, "लेथवर सोंड डिस्कच्या कुठल्या भागावर होती?"

"बाहेरच्या कडेजवळ. इथे."

"तिथेच टेकवा. आणि त्या दिवशी काटा कुठून कुठवर गेला होता, ते डायलच्या काचेवर बोटांनी दाखवा."

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हललंच नसणार. त्यांनी काचेवर अंगठा आणि तर्जनी ठेवली.

मामांनी हब हाताने सावकाश फिरवलं. काटा अंगठ्यापासून निघाला, तर्जनीपर्यंत गेला, थांबला, आणि परत अंगठ्यापाशी आला. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"ही डिस्क आता सपाट आहे," मी म्हटलं. "तुम्ही केली आहे, म्हणजे असणारच. मग काटा का हलतो?"

काका काट्याकडे बघत राहिले.

"हब वाकडं आहे. कधीतरी खड्ड्यात आपटलं असेल. बाबांनी डिस्क या हबवर फिरत असताना तासली. हबचा वाकडेपणा जितका, तितकाच डिस्कमध्ये उलट्या बाजूने उतरला. दोन्ही मिळून सरळ फिरत होतं, म्हणून मामांनी दिवा धरला तेव्हा काटा झोपला होता. लेथ सरळ आहे, काका. सरळ लेथवर ती डिस्क वाकडी दिसणारच होती. ती जितकी वाकडी दिसली, तितकं ते काम बरोबर होतं."

"पण बाईंना इतके दिवस कसं कळलं नाही?" मामांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार."

"मी सांगतो," काका हळूच म्हणाले. "डिस्क जराशी डगमगली तर लगेच नाही कळत. दर फेरीला ती पॅडला एकाच जागी घासत जाते. तिथे झिजते. मग एक दिवस पेडल बोलायला लागतं." त्यांनी काचेवरची बोटं उचलली. काटा अजून इकडून तिकडे जात होता. "खुंटीवर," ते म्हणाले. "मी खुंटीवर बघितलं."

८

मशीन बघायला आलेला माणूस चहा पिऊन गेला. बगळा विकायचा नाही, हे काकांनीच त्याला सांगितलं.

मग त्यांनी डिस्कची जाडी मोजली. अजून एक हलका पापुद्रा निघण्याइतकी ती उरली होती. मामा बगळा ढकलत घेऊन आले आणि आरोपीसमोर साक्षीदार आणावा तसा तो काकांच्या पुढ्यात उभा केला. काकांनी आजवर त्याला बोट लावलं नव्हतं.

"स्क्रू हळू," मामा म्हणाले. "हे काउंटर नाही."

"तू दिवा नीट धर."

"दिवा मी मालकांना धरायचो. तुम्हाला ही पोरगी धरेल."

म्हणून दिवा मी धरला. काटा स्थिर व्हायला पुष्कळ वेळ लागला. काकांच्या कपाळावर घाम आला, पण बटणाला त्यांनी हात लावला नाही. काटा हळूहळू दमला, एका जागी टेकला आणि पडून राहिला. मामांनी हातातला हातोडा खाली ठेवला. ही त्यांची शाबासकी.

तासून झाल्यावर काकांनी घासकागद मागितला. उलटसुलट, उलटसुलट. त्यांच्या हाताखाली मखमल उमटत गेली.

बाबांच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली माझ्या पिशवीत होती. मी जुन्या तुटक्या रेघेच्या शेजारी नवी ओढली. हबवरून फटीवर, फटीवरून डिस्कवर. माझा हात मध्येच थरथरला.

"वाकडी झाली," मी म्हटलं.

"रेघ वाकडी असली तरी चालते," काका म्हणाले.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या, सोबत ती कालचीच विद्यार्थिनी. तीच गाडी चालवून आधी कोपऱ्यापर्यंत आणि मग पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आली. परतल्यावर बाईंनी काच खाली केली. "आज खांबाला नुसतीच ओळख दाखवली," त्या म्हणाल्या. "काय होतं?"

मी काकांकडे पाहिलं नाही. ते काउंटरमागून बाहेर आले, गाडीपाशी जाऊन वाकले.

"दादाचं काम बरोबर होतं," ते म्हणाले. "मी ते उघडून बघितलं, आणि मी बिघडवलं. बंपरही मीच करून देतो."

मास्तरीणबाई गाडीतून उतरल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी चार लोकांना हाताचं बोलले होते. आता चौघांकडे परत जावं लागेल."

रात्री जेवायला काका आमच्याकडे आले. आईने त्यांना वाढता वाढता तेच वाक्य सांगितलं, की जाण्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले होते, काम अगदी मनासारखं झालं. काकांनी ते नव्याने ऐकावं तसं ऐकलं.

"झालं होतं, वहिनी," ते म्हणाले. "मी मोजून बघितलं."

उजव्या चाकाला आम्ही हात लावला नाही. त्याच्यामागे बाबांची डिस्क आहे, बाबांच्या हातची मखमल आहे, आणि हबवरून तिच्यावर उतरलेली एक लाल रेघ आहे, सलग.